पावलं वेचणारी

एउलालिया आमच्या गावच्या दवाखान्यात दुभाषी होती. गाव टेक्सासचं, नदीपलीकडं मेक्सिको. रोगी स्पॅनिशमध्ये कण्हायचे, डॉक्टरला कळायचं इंग्रजी. मध्ये ही उभी, दाताखाली दालचिनीची काडी धरून.

मूळव्याधीपासून वेडापर्यंत सगळं ती न अडखळता इंग्रजीत उतरवायची. अडायची एकाच बोलापाशी. 'म्हातारा पावलं वेचतोय,' असं कुणाची बायको म्हणाली की. मरायच्या आधी माणूस जिथं जिथं चालला तिथली आपली पावलं गोळा करत फिरतो. स्वतः असतो भलतीकडंच, नि आपल्या अंगणात दिसतो, बोलत नाही. त्याला हाक मारायची नसते. मारली की वेचणं तिथंच संपतं, नि माणूसही. हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. एउलालिया डॉक्टरला एवढंच सांगायची, नातेवाइकांना आजच बोलवा. ती बाई इतकं लांबण लावून बोलली नि तू एवढंच? डॉक्टर विचारायचा. कामाचं तेवढंच आहे, म्हणायची.

लेक डेलियालाही तिनं इंग्रजीतच वाढवली, असले बोल तिच्या कानावर पडू न देता. आता ती शिकागोत.

परवा दुपारी मी मिरच्या वाळत घालत होते. एउलालिया फाटकातून आली, अंजिराखाली वाकली. लहानपणी आम्ही तिथं खडे खेळायचो. भुईवरून काहीतरी उचलून तिनं ओच्यात टाकलं. कुत्रं उठून बाजूला झालं, भुंकलं नाही. तोंडाशी आलेली हाक मी गिळली.

संध्याकाळी कामावरून येऊन ती माझ्या स्वयंपाकघरात टेकली. दिवसभर एका बाळंतिणीपाशी उभी होते, पायाचे तुकडे पडले, म्हणाली. मी नुसती कॉफी पुढं केली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"हाक नाही ना मारलीस, चोना?"

"नाही गं."

"मग उद्यापर्यंत तरी आहे मी. डेलियाला तू कळव. एकदा डोळ्यांनी बघू दे मला तिला. माझ्या तोंडून नाही निघायचं."

मी तिच्याकडं पाठ करून फोन लावला. तिच्यासारखंच इंग्रजीत म्हटलं, आजच निघ.

पलीकडून डेलिया हळूच म्हणाली, "मावशी, आई आत्ता इथं जिन्यात होती. माझ्या बाळंतपणाला आलेली तेव्हा दम खायला थांबायची ना, त्याच पायरीवर. मी किती हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं, नि..."

मागं काही वाजलं नाही. मी वळले. एउलालिया खुर्चीत तशीच बसली होती, काडी दाताखाली. कॉफीची वाफ अजून निघत होती.