पंखा की पाणी

घाटकोपरला आमच्या सोसायटीखाली एकाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो गिऱ्हाइकाकडे बघत नाही. ब्रशने कुणाच्या तरी मशीनमधली धूळ झाडत राहतो आणि काहीही विचारलं की "चालेल ना" म्हणतो.

लग्नांचे व्हिडिओ लवकर तयार व्हावेत म्हणून मी घरचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत होतो. तो फार तापायचा. थंड ठेवायला मोठा पंखा लावू की पाण्याचा कूलर, असं मी त्याला विचारलं. दोन्हींच्या भावावर जोरात घासाघीस केली, पण त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

"पाण्याचा चालेल ना, शेठ."

मी पाण्याचा कूलर बसवून घेतला. त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

मे महिन्यात कूलरची नळी गळली. बोर्ड जळला, डिस्क गेली आणि तिच्यातली एका मुलीची हळदही गेली.

भांडायला गेलो, तर त्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये पंखा फिरत होता.

"स्वतःला पंखा आणि मला पाणी?"

"पंख्यात मला काही सुटत नव्हतं, शेठ. तुम्ही एवढा भाव पाडलात, मग ज्यात सुटतं तेच दिलं."

हे त्याने ब्रशने धूळ झाडत सहज सांगितलं. त्या मुलीच्या आईला फोन मात्र मलाच करावा लागला.