मी लिहिलेली एक जून

तुमची आजी न्यायालयात उभी राहिली, हे तुम्हाला तिकडे कळलंच असेल. आता माझ्याकडून ऐका.

मी सांगलीत मुख्याध्यापिका असताना पहिलीत घ्यायला मूल सहा वर्षांचं पूर्ण लागायचं. ज्याला काही महिने कमी पडत, त्याची जन्मतारीख आम्ही सरळ एक जून लिहायचो. अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला! वर्ष वाया जाऊ नये, एवढाच हेतू. हळद निवडणाऱ्या एका बाईची मुलगी नोव्हेंबरची. तिलाही मी जूनची केली.

या ऑगस्टमध्ये त्या बाईचा मला साताऱ्याला फोन आला. सुट्टीच्या दिवशी मुलगी गोदामात आईच्या मदतीला गेली होती. मुकादमानं तिचा हात धरला. तिनं तराजूतलं वजन उचलून त्याच्या डोक्यात घातलं. त्याला टाके पडले. पोलिसांनी शाळेचा दाखला पाहून तिला सज्ञान धरलं. आता तुरुंगात पाठवणार होते.

"बाई, माजी पोर अजून अठराची न्हाई. तुमीच जून लिवलाय की!"

मी सकाळची एसटी धरली. अठराच्या आतल्या मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जातं. पण वयासाठी आधी शाळेची नोंद बघतात, आणि ती माझ्या अक्षरातली.

न्यायालयात मुलीचे वकील हळूच म्हणाले, "आजी, खोटी नोंद कबूल करताय. पेन्शनवर येईल."

"येऊ द्या. पोरीवर नको."

न्यायाधीशांनी विचारलं, "अशा किती तारखा लिहिल्यात?"

"मोजल्या नाहीत, साहेब. महापालिकेतून हिच्या जन्माची नोंद मागवा. मी लिहिलं म्हणून ही मोठी झाली नाही. माझ्या चुकीच्या आधारावर सरकारनं हिला कोंडू नये."

नोंद आली. नोव्हेंबरच. मुलगी निरीक्षणगृहात गेली आणि आठवड्यात मंडळानं तिला आईच्या ताब्यात दिलं. डोकं फोडलं, हे ती नाकारत नाही. हात का धरला, ते आता मुकादमानं सांगावं.

मला शिक्षण खात्याचं खुलासा मागणारं पत्र आलंय. उत्तर लगेच टाकलं: नोंद माझी, चूक माझी, काय करायचं ते मला करा. मुलगी गेल्या वर्षी इंग्रजीत राहिली होती, यंदा पुन्हा बारावीला बसतेय, आणि मी तिचं इंग्रजी घेतेय, फोनवर, रोज.