सातव्या बोल्टाखालचं पाणी

आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन खोलून पुन्हा बांधून झालं आणि त्याच दिवशी गाडी तापली. मी मोहन्याहून निघून शहाडच्या पुलापर्यंत गेलेलो, तोवर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण काढून पुन्हा चालू केली, तर गार पाण्यातसुद्धा बुडबुडे फुटत होते.

गॅरेजच्या मिस्त्रींनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून त्याखालचं गॅस्केट बदललं. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा हेड उतरवल्यावर ते म्हणाले, "हेडला तडा गेलाय. दुसरं शोध. ह्या गाडीचं मिळणं मुश्कील आहे."

टिटवाळ्याच्या नव्या इमारतींना विटा पोचवून आमचं घर चालतं. मी घरी येऊन न जेवताच बसलो. बाबा कारखान्यात फिटर होते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी पाना हातात घेतलेला नव्हता.

"तपासून घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"मिस्त्री सांगतायत ना, बाबा."

"नुसतं बघून कसं कळलं त्यांना? उद्या मला घेऊन चल."

सकाळी आम्ही हेड टेम्पोत घालून कल्याणच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. त्यांनी हेडची सगळी भोकं बंद केली, आत हवा भरली आणि ते गरम पाण्याच्या टाकीत सोडलं. आम्ही दोघं टाकीवर वाकून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. मग हेडवर पोलादी पट्टी आडवी-तिडवी ठेवून पाहिली. खालून कुठेच उजेड दिसेना. हेड सरळ होतं, शाबूत होतं. मला मात्र आणखीच धडकी भरली. हेड चांगलं, म्हणजे ते ज्यावर बसतं तो इंजिनाचा ब्लॉकच गेला की काय?

गॅरेजला परतल्यावर बाबांनी तारेला चिंधी गुंडाळली आणि ब्लॉकमधल्या बोल्टांच्या एकेका भोकात खाली तळापर्यंत घातली. सहा वेळा चिंधी कोरडी आली. सातव्या वेळी काळं पाणी निथळलं.

"ब्लॉक कुणी धुतलेला?"

"मी," मी म्हणालो. इंजिन खोललं तेव्हा मिस्त्रींना मदत म्हणून मीच धुतलेला. वरून हवा मारलेली, पण प्रत्येक भोकात नाही.

"पाणी दाबलं जात नाही रे. बोल्ट त्या पाण्यावर टेकला. पान्याला वाटलं, आवळला. हेड तिथे दाबलंच गेलं नाही, म्हणून आतला गॅस रेडिएटरच्या पाण्यात घुसतोय."

मला मान वर करवेना. मिस्त्री म्हणाले, "बाबा, बसवायच्या आधी मी बघायला पाहिजे होतं. चूक माझीपण आहे."

सगळी भोकं हवा मारून कोरडी केली. नवं गॅस्केट टाकून बाबांनी सांगितलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी विटा भरून टिटवाळ्याला निघालो तेव्हा बाबा शेजारी बसलेले. माझं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त.

"समोर बघून चालव," ते म्हणाले. "काट्याकडे मी बघतो."

काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. विटा उतरवून झाल्या तेव्हा कुठे मला एकदम भूक लागली. टपरीवर मी एकामागून एक चार वडापाव खाल्ले. बाबा चहा पीत बघत होते.

"बाबा, मला ओरडला नाहीत ते कसं?"

"ओरडणार होतो," ते म्हणाले. "पण तो मिस्त्री चूक कबूल करून बसला. मग तुला एकट्याला काय ओरडू?"