शेवटच्या गाण्याचा शेवट

इस्त्रीच्या दुकानात साड्यांच्या गठ्ठ्यावर एक काळा टी-शर्ट पडला होता, त्याच्यावर लोखंडी पंखांचं घुबड, एका जुन्या अल्बमच्या कव्हरवरचं. मी थबकलोच. हेवी मेटल संगीताच्या ऐन भरातला हा अल्बम, पण त्याचं नाव कधी कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. आमच्या गावात तो फक्त माझ्याकडे होता, कॅसेटवाल्याकडून कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेला. हल्ली असले टी-शर्ट कुणीही घालतं म्हणा. तेवढ्यात तो न्यायला पिकल्या केसांच्या एक बाई आल्या. मी संशयानेच विचारलं, "ऐकलाय का हो हा अल्बम?"

"शेवटचं गाणं तर पाठ आहे," त्या म्हणाल्या. "शेवटी गिटार हळूहळू विझत जाते ना, तिथे अजून काटा येतो."

पकडलं, मी मनात म्हटलं. ते गाणं विझत नाहीच. ओळ अर्धी असतानाच ते कडकन तुटतं. "असा शेवट करायला हिंमत लागते," हे मी कितीजणांना ऐकवलंय!

घराकडे येताना मात्र पाय मंदावले. आमचा कॅसेटवाला एका बाजूवर अख्खा अल्बम बसवायचा. टेप संपली की गाणंही तिथेच संपायचं.

आता संशय माझ्यावरच आलाय. मीही काही माणसांना अर्ध्या वाक्यात तोडलं आणि त्याला बाणा म्हणत आलो.

गाणं मोबाइलवर सापडलंय. माझ्या कॅसेटवरच्यापेक्षा ते दीड मिनिट मोठं आहे. तेवढं दीड मिनिट ऐकायची हिंमत होत नाही.