थोरली गेल्यावरचा गोठा

लग्न होऊन मी लालबागला आले तेव्हा आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच म्हशींचा गोठा होता. माझे सासरे तिथे धारा काढत. नवरा गिरणीत जायचा आणि मी दुपारी मामंजींची भाकरी घेऊन गोठ्यात जायची. माहेरी आमच्याकडे एकच म्हैस होती. इथे एका दावणीला चौदा होत्या आणि मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या.

मी तसं म्हटल्यावर मामंजी हसले. मग त्यांनी मला एकेक दाखवली. एक म्हातारी होती, तिला ते थोरली म्हणत. पाण्याला सोडलं की हौदात पहिलं तोंड तिचं, बाकीच्या मागे थांबून राहायच्या. तिच्या शेजारच्या दोघी दिवसभर एकमेकींची मान चाटत. आखूड शेपटीची एक मात्र उशिरा आलेली, तिला कुणी जवळ उभं राहू देत नसे. तिची जागा मोरीपाशी. जागा बदलली की दूध कमी होतं, असं ते सांगायचे. मला ते खरं वाटलं नव्हतं.

मग संयुक्त महाराष्ट्राचं पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गवताच्या गाड्या येईनात. सकाळी थोडा वेळ मोकळीक मिळाली की मी आणि मामंजी भायखळ्याच्या बाजारात जाऊन कोबीचा टाकलेला पाला पोत्यात भरून आणायचो. चौदा जनावरांना तो काय पुरणार? चौथ्या दिवशी मान चाटणाऱ्या त्या दोघींनी एकमेकींना शिंगं मारली. एकीच्या डोळ्याजवळ चिरलं. हौदावरची रांगही मोडली, जिला जमेल ती आधी घुसायची.

मामंजींनी पुन्हा पुन्हा त्यांच्या जागा बदलून पाहिल्या. शेवटी आखूड शेपटीची त्यांनी थोरलीच्या शेजारी बांधली, तिथे तरी कुणी मारणार नाही म्हणून. थोरली तिला काही करीना. दोन दिवसांत ती थोरलीच्या अंगाला अंग लावून उभी राहू लागली, आणि आश्चर्य म्हणजे बाकीच्याही हळूहळू निवल्या. मामंजी म्हणाले, उपाशी आहेत, पण एका ठिकाणी आहेत. त्या आठवड्यात मी त्यांना एवढंच समाधानाचं बोलताना ऐकलं.

गाड्या सुरू झाल्या, पण थोरली आटली होती. गोठ्याच्या मालकांनी खाटकाला सांगावा धाडला. मामंजी तोंड वर करून बोलणारे नव्हते, तरी त्या दिवशी बोलले.

"मालक, हिला ऱ्हाऊ द्या. ही गेली तर बाकीच्या पान्हवणार न्हाईत."

"भाकड म्हैस ठेवून काय करू? जागा तरी आहे का इथे?" मालक म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

थोरलीला नेलं तेव्हा आखूड शेपटीची दाव्याला हिसके देत ओरडत राहिली. नंतर तिने दूध सोडलंच नाही. दुसऱ्या तिघीचौघींचंही दूध उतरलं. मामंजी प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून तासन्‌तास बसायचे.

पुढच्या वर्षी गोठे शहराबाहेर हलवायचा हुकूम आला. मालकांनी मिळेल त्याला म्हशी विकल्या. बऱ्याचशा म्हशींच्या एकाच मोठ्या वसाहतीत गेल्या, पण वेगवेगळ्या गोठ्यांत. काही महिन्यांनी मामंजी मला बरोबर घेऊन तिथे गेले. आखूड शेपटीची कुठे सापडली नाही. मान चाटणाऱ्या दोघी सापडल्या, एकमेकींपासून चार गोठे सोडून. तिथल्या गड्याला विनवून मामंजींनी एकीला दावं धरून दुसरीकडे नेलं. दोघींनी क्षणभर नाक लावलं. मग दुसरीने शिंग उगारलं आणि पहिली मागे सरून तोंड फिरवून उभी राहिली.

मामंजींनी दोघींच्या माना चोळून पाहिल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात हाक मारली. दोघींपैकी कुणी कान हलवला नाही.

"चल पोरी," ते म्हणाले. "ह्या आता कुनाच्याच न्हाईत."

मग दोन-तीन वर्षं गेली. महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी अख्खी चाळ खाली उतरली, फटाके वाजले. मामंजींना मी दोनदा बोलवायला गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. गोठ्याच्या जागी तोवर पाया खणून झाला होता.

नंतर शेजाऱ्यांनी त्यांना माझगावच्या एका गोदामावर पहारेकरी म्हणून लावून दिलं. दोन वर्षं ते तिथे गेले, पण घरी कधी तिथलं काही सांगितलं नाही. बरोबर कोण असतं, म्हणून मी एकदा विचारलं.

"असतं कुनीतरी," ते म्हणाले.