घरच्या पाहुणीशी सामना

माझ्या टेनिसच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा सामना मी माझ्या आईमुळे हरले. आईनं आयुष्यात कधी टेनिस खेळलेलं नाही. (रॅकेट एकदा हातात धरली होती, पण ती भिंतीवरची पाल हाकलायला.)

आम्ही मखमलाबादचे माळी. शेतात झेंडू, गुलाब, शेवंती आणि उरलेल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. आमच्या भावकीत खेळाडू म्हणावा असा एकही माणूस नव्हता. लग्नघरी पत्ते कुटणारे मात्र पुष्कळ. माझे वडील, म्हणजे दादा, नाशकातल्या एका क्लबात समारंभांसाठी फुलं पोचवायचे. ते कमानीला माळा बांधेपर्यंत मी टेनिस कोर्टाच्या जाळीला नाक लावून उभी असायची. तिथल्या सरांनी एक दिवस कंटाळून माझ्या हातात जुनी रॅकेट दिली. त्यांना वाटलं, ऊन लागलं की पोरगी पळेल. मी पळाले नाही. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर चेंडू आपटून आपटून मी भिंतीचं प्लास्टर पाडलं आणि बारावी होताच घरात जाहीर केलं, की मी व्यावसायिक टेनिसपटू होणार.

आमच्या एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणजे माझे थोरले काका, आण्णा. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे नोकरी कुठं लागंल?"

"नोकरी नाही आण्णा. खेळायचं."

"खेळायचं ते कळलं. काम काय करशील?"

वर्षभर मी गावोगावच्या स्पर्धा खेळले. म्हणजे गेले, हरले आणि एसटीनं किंवा रेल्वेनं परत आले. जागतिक क्रमवारीत नाव लागायला निदान एक गुण लागतो, आणि तो मुख्य स्पर्धेत एक तरी सामना जिंकल्याशिवाय मिळत नाही. माझं घोडं पात्रता फेरीतच अडायचं. परत आले की आण्णा विचारायचे, "आला का गुण?" घरात गुणाची चौकशी अशी व्हायची, जसा काही तो पाहुणा आहे आणि त्याची गाडी चुकली आहे.

शेवटी आण्णांनी निकाल दिला. "ह्या हंगामात एक गुण आला पायजे. नाय आला, तर ती रॅकेट खुंटीला आन् तू फुलबाजारात, आपल्या गाळ्यावर."

"येईल," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही माहीत नाही, पण अठराव्या वर्षी माणसाला जोर लागत नाही, नुसता राग पुरतो.

आणि खरोखर त्याच हंगामात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, नाशकातच एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आयोजकांनी स्थानिक मुलगी म्हणून मला थेट मुख्य स्पर्धेत घेतलं. आता पात्रता फेरी नको, काही नको. एक सामना जिंकला की गुण माझा! मी इतकी खूश झाले, की दोन दिवस मेथीच्या जुड्या न कुरकुरता बांधल्या.

घोटाळा दादांनी केला. बाहेरगावच्या खेळाडूंना राहायला खोल्या कमी पडत होत्या, म्हणून आयोजकांनी शहरातल्या बंगलेवाल्यांना विचारलं होतं, एकेक मुलगी चार-पाच दिवस ठेवून घ्याल का. आमच्याकडे बंगला नव्हता आणि आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. पण दादा फुलं द्यायला गेले आणि "एक आमच्याकडे" म्हणत हात वर करून आले.

"दादा, कशाला?"

"त्यांनी आपली पोरगी घेतली. आपण त्यांची एक पोरगी ठेवून घ्यायला नको?"

अशा रीतीनं कल्याणी आमच्या टेम्पोतून, फुलांच्या रिकाम्या क्रेट्समध्ये बसून घरी आली. चेन्नईची, माझ्याच वयाची, उंच आणि काटकुळी. तिची बॅग तिच्याहून जाड होती. आईनं उंबऱ्यातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "किती वाळलीय पोर. हिला घरी कुणी वाढत नाही काय?"

कल्याणीला मराठी येत नव्हतं, आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं. मी दुभाषी म्हणून पुढे सरसावले. माझी गरजच पडली नाही. तासाभरात दोघी मागच्या ओट्यावर बसून शेवंती निवडत होत्या, ही तमिळमध्ये आणि ती मराठीत. दुसऱ्या दिवशी पोरगी आईला "आई" म्हणू लागली. माझी पंख्याखालची कॉट तिला गेली आणि मी ओसरीवर, झेंडूच्या पाट्यांच्या शेजारी.

मग सामन्यांच्या जोड्या लागल्या. पहिल्या फेरीत माझ्यासमोर कल्याणी.

मी जेवताना सांगितलं. भाकरी थापणारा आईचा हात थांबला.

"मग आता काय करायचं?" आई म्हणाली.

"काय करायचं म्हणजे? हिला हरवायचं."

"जेवत्या ताटावर असं बोलू नये."

कल्याणीनं मला इंग्रजीत विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती हसली आणि तिनं आणखी एक भाकरी मागितली.

हिला दुसरीकडे हलवा, असं मी दादांना सांगून पाहिलं. दादांनी आण्णांकडे बघितलं. आण्णा म्हणाले, "आलेला पाहुणा मधेच उठवून दुसऱ्याच्या दारात सोडायचा? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आण्णा, गुण तुम्हालाच पाहिजे ना?"

"गुण बी पायजे. पाहुणी बी राहील."

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी सरावाहून परतले तर ओट्यावर कल्याणी डोळे मिटून बसलेली आणि आई तिचा उजवा खांदा चोळतेय, कोमट तेलानं. तोच खांदा! ज्या खांद्यानं ती सर्व्हिस मारायची, आणि जो दुखावलेला आहे हे ऐकून मी दोन दिवस मनातल्या मनात साखर वाटत होते.

"आई, काय करतेस?"

"खांदा धरलाय तिचा. लय गाठी आहेत बघ."

"अगं, उद्या ती त्याच खांद्यानं मला मारणार आहे."

"मग तुझा पण चोळते, ये," आई म्हणाली. मी गेले नाही. मला स्वाभिमान होता. (खांदा माझाही दुखत होता.)

सकाळी आईनं दोन पाट मांडले. आमच्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टकचेरीला निघालेल्या माणसाचं औक्षण होतं आणि हातावर दही दिलं जातं. एकाच सामन्याला निघालेल्या दोन बाजूंचं औक्षण एकाच निरांजनानं बहुधा आमच्याच घरात झालं असेल. दही आधी कल्याणीला, कारण ती पाहुणी. मग देवापुढे हात जोडून आई म्हणाली, "दोघींनाही जिंकू दे रे बाबा."

"तसं होत नाही, आई. एकच जिंकते."

"त्याचं तो बघंल. मागायला काय जातंय?"

मग दोघी एकाच टेम्पोतून क्लबात गेलो. मागच्या टेम्पोत भावकी. काकवा, आत्या, शेजारपाजार, सगळे माझ्यासाठी आले होते. मला भरून आलं. वाटलं, आज आख्खं मखमलाबाद आपल्या पाठीशी आहे.

खेळ सुरू झाला. पहिलाच पॉइंट मी असा झकास जिंकला, की मलाच पटेना. मी टाळ्यांसाठी कान टवकारले. शांतता. वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बघितलं तर आमची माणसं मांडीवर हात ठेवून, मयताला बसल्यासारखी बसलेली. चार दिवस आपल्या घरी जेवलेल्या पोरीचा पॉइंट गेला, त्यावर टाळ्या वाजवणार कशा? वाईट दिसतं! पुढचा पॉइंट कल्याणीनं मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणीचं कौतुक करायला हवं ना! त्यानंतर तिचा चेंडू जाळीत गेला, आणि आईचं "अरेरे" पार पलीकडच्या कोर्टापर्यंत ऐकू गेलं.

पंच हैदराबादकडचे एक गंभीर गृहस्थ होते. बाजू बदलताना त्यांनी मला सहानुभूतीनं विचारलं, "तू बाहेरगावची का? घरचं कोणी आलं नाही?"

दात आवळले आणि खेळले. इतक्या रागानं मी त्याआधी कधीच खेळले नव्हते आणि, कबूल करायला हरकत नाही, इतकी चांगलीही. पहिला सेट तिनं घेतला, दुसरा मी. मध्ये आईनं कोर्टाभोवतीच्या जाळीच्या फटीतून लिंबू सरबताचा थर्मास आत सरकवला. पंचांनी ताकीद दिली, की खेळाडूंना बाहेरून काही देऊ नये. आई म्हणाली, "बरं साहेब, तुम्ही घ्या थोडं." पंचांनी घेतलं नाही. ऊन बघता चूक केली.

तिसरा सेट. टोकाची झुंज. आणि शेवटी तो क्षण आला: माझा मॅच पॉइंट. हा एक घेतला की सामना माझा, गुण माझा, गाळ्यावर बसायचं नाही. कल्याणीनं चेंडू खोल मारला. तो मागच्या रेघेच्या बाहेर पडला. मी डोळ्यांनी पाहिला, बोटभर बाहेर! मी बोट वर केलं आणि रॅकेट आकाशात भिरकावली.

कल्याणी म्हणाली, ठसा बघा. लाल मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो. वाद झाला तर पंच खाली उतरून तो तपासतात. पंच खुर्चीवरून उतरू लागले. तेवढ्यात वरून आवाज आला.

"वैशे, आत होता चेंडू."

माझी आई! सगळ्यांदेखत, सख्ख्या मुलीच्या मॅच पॉइंटला.

"आई, गप बस. बाहेर होता."

"मी इथं समोर बसलेय. पाहुण्या पोरीवर अन्याय करू नको, दाखवते मी तुला," म्हणत आई उठली, फाटकातून आत शिरली आणि कोर्टाच्या कडेला तिनं चपला काढल्या. सारवलेल्या खळ्यात चपला घालून जायचं नाही, ही आमच्याकडची शिस्त. पंच धावले. मी धावले. आई पदर खोचून रेघेशी पोचली, खाली वाकली, "हा बघ, हा," म्हणत पायानंच दाखवू लागली, आणि मी "तो नव्हे, तो जुना ठसा आहे," म्हणाले तेव्हा दुसऱ्या पायानं दुसरा दाखवू लागली. पंच पोचेपर्यंत त्या भागातले सगळे ठसे आईच्या अनवाणी पावलांखाली सपाट झाले होते. आता तिथं एकच स्पष्ट ठसा होता, तो आईच्या टाचेचा.

पंचांनी बराच वेळ जमिनीकडे पाहिलं. मग आईकडे. मग नियमांचं स्मरण करत आभाळाकडे. "पॉइंट पुन्हा खेळा," ते म्हणाले.

पुन्हा खेळले. तो गेला. पुढचे सगळेच गेले. कल्याणी जिंकली, जाळीपाशी आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. वर आमची माणसं मात्र आता मोठ्या पंचाईतीत पडली होती. टाळ्या वाजवाव्यात तर आपली पोरगी हरलेली, न वाजवाव्यात तर पाहुणी जिंकलेली. शेवटी आण्णा एकटेच उठून उभे राहिले आणि टोपी नीट करून पुन्हा बसले.

घरी पोचलो. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता. मी अंगणात सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "गुण आला नाही. पण मी रॅकेट खुंटीला लावणार नाही. गाळ्यावर बसणार नाही. काय करायचं ते करा. आणि चेंडू बाहेर होता."

आई कढईत उलथणं फिरवत राहिली. दादा दाराच्या कडीकडे बघत राहिले. आण्णांनी घसा साफ केला.

"गारपीट झाली तर आपण तो हंगाम धरतो का?" त्यांनी दादांना विचारलं.

"नाय धरत."

"मग हा बी धरायचा नाय," आण्णा म्हणाले. "ह्या पोरीचं नुकसान घरच्याच गारपिटीनं झालंय." मग मला म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू. आन् पुढच्या वेळी पाहुणा लॉजवर."

दुसऱ्या दिवशी कल्याणीचा पुढचा सामना होता. भावकी पुन्हा टेम्पो भरून गेली. आता समोरची पोरगी परकी, त्यामुळे कसलाच अडसर नव्हता. माझ्या सामन्यात राखून ठेवलेल्या सगळ्या टाळ्या त्यांनी तिथं वाजवल्या. ती हरली, तेव्हा आईला जेवण गेलं नाही. मी हरले त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या होत्या, मी बघितलंय.

माझा गुण आला तो दोन हंगामांनंतर, लांब दुसऱ्या राज्यात, जिथं आमच्या घरचं कोणी नव्हतं. पहिल्या फेरीत मी समोरच्या मुलीला सरळ दोन सेटमध्ये उडवलं. कोणी "अरेरे" म्हणालं नाही. कोणी चपला काढल्या नाहीत. मी धावत एसटीडी बूथवर गेले आणि घरी फोन लावला. आईनंच उचलला.

"आई, जिंकले! गुण आला!"

"आला का? बरं झालं बाई," आईचा आवाज कापला. मग म्हणाली, "ती कुठली गं?"

"कोण ती?"

"हरली ती."

"असेल कुठली तरी आसामकडची. आई, मला गुण मिळालाय."

"ते कळलं. एवढ्या लांबून आलं लेकरू. सोबत कोणी आहे का तिच्या? जेवली का ती?"

"मला काय माहीत? माझा काय संबंध?" मी म्हणाले आणि फोन आपटला. आजवर मी आण्णांचं ऐकलं नाही, पंचांचं ऐकलं नाही, आईचं तर कधीच ऐकलेलं नाही, आणि माझ्या विजयाच्या दिवशी कोणाचं ऐकून घेणार नाही, असं ठणकावून स्वतःला सांगत मी बूथबाहेर पडले.

मग तिची खोली शोधायला मला अर्धा तास लागला. दार उघडलं तर डोळे सुजलेले. म्हटलं, "चल, जेवायला." पोरगी खरंच फार वाळलेली होती.