मागच्या रांगेतले काका

आमच्या राजाजीनगरच्या घराचं बेसमेंट मोठं. स्वस्त आणि आईलाही चालवता येईल असं होम थिएटर बघायला मी शिवाजीनगरला गेलो होतो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ पार मागच्या भिंतीशी उभे राहून, डोळे मिटून प्रत्येक सेट ऐकत होते. या कानडी मुलखात मी फोनवर मराठीत बोलतोय हे ऐकून ते म्हणाले, "अण्णा, हे घ्या. एका बटणावर चालतं, मागंपर्यंत शब्द कळतात. आमची ही टॉकीजमध्ये मागच्याच रांगेत बसायची."

"तुम्ही कुठलं घेताय?"

"आता एकट्याला कशाला? नुसतं ऐकायला येतो."

मी तेच घेतलं आणि त्यांना रविवारी सिनेमाला बोलावलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. अर्ध्यात आईनं सिनेमा थांबवून चहा आणला. त्यांनी सवयीनं दोन कप उचलले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.